आधी गादी, मग पॉइंट : बजेट हॉटेलच्या साखळ्यांत नव्याने राहणाऱ्यांसाठी

आमच्या कंपनीत दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवे सर्व्हिस इंजिनिअर येतात. पहिला महिना मशीन उघडायला शिकण्यात जातो, दुसऱ्या महिन्यात त्यांना दौऱ्यावर धाडतात, आणि पहिल्याच दौऱ्यात रात्री साडेदहाला मला फोन येतो. "सर, खोलीत कुबट वास येतोय. काय करू?" वर्षातल्या शंभरेक रात्री घराबाहेर काढणाऱ्या माणसाला विचारावा असाच हा प्रश्न आहे. फोनवर तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून एकदा लिहून काढतोय.

आपल्याकडे 'हॉटेल' म्हणजे जिथे मिसळ मिळते ते. राहायचं ते लॉज. लॉजचा मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असायचा, चादर मळकी असली तर त्यालाच हाक मारता यायची. आता त्याच इमारतींवर साखळी कंपन्यांच्या पाट्या लागल्यात. नागपूर असो, इंदूर असो की हुबळी, आमच्या पाटीखाली तुम्हाला तीच पांढरी चादर, तोच गरम पाण्याचा नळ आणि तेच वायफाय मिळेल, असं त्या सांगतात. शिवाय पुन्हा पुन्हा आलात तर पॉइंट, म्हणजे पुढे सूट किंवा फुकट रात्र म्हणून वापरता येणारे गुण. यातलं किती खरं मानायचं, ते पुढे.

पायरी १ : पाटी कोणाची आणि इमारत कोणाची

'चेन हॉटेल' या एका शब्दात दोन अगदी वेगळे धंदे लपलेले आहेत, आणि नवखा माणूस इथेच फसतो.

पहिल्या प्रकारात हॉटेल कंपनी स्वतः चालवते. इमारत तिची असेल किंवा भाड्याची, पण मॅनेजर, हाउसकीपिंग, चादरी, सगळं तिच्या ताब्यात असतं. जिंजर हे सरळ उदाहरण. टाटांच्या इंडियन हॉटेल्सची, म्हणजे ताजवाल्यांची, रूट्स कॉर्पोरेशन ही उपकंपनी ते चालवते. २००४ मध्ये बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये 'इंडीवन' या नावाने पहिलं हॉटेल निघालं, जिंजर हे नाव नंतरचं. फ्रान्सच्या अ‍ॅकॉर समूहाचं आयबिस भारतात इंटरग्लोबच्या, म्हणजे इंडिगो विमानवाल्यांच्या, भागीदारीत आलं. लेमन ट्रीवाल्यांचं रेड फॉक्स आहे, आणि २०१९ मध्ये त्यांनी कीज हॉटेल्सही विकत घेतली. (या कंपन्याही हल्ली काही हॉटेलं दुसऱ्याच्या मालकीची ठेवून फक्त चालवायला घेतात. पण माणसं आणि पद्धत त्यांचीच असते.)

दुसऱ्या प्रकारात इमारत, नोकर आणि मालक सगळं आधीचंच. कंपनी पाटी देते, बुकिंग आणते, थोडी रंगरंगोटी करायला लावते आणि दर खोलीमागे आपला वाटा घेते. ओयो २०१३ मध्ये सुरू झालं, फॅबहॉटेल्स २०१४ मध्ये, ट्रीबो २०१५ मध्ये. तिघांचाही मोठा पसारा या पद्धतीचा. यात वाईट काही नाही. मालक चांगला असेल तर खोली पहिल्या प्रकारापेक्षाही सरस निघते, कारण मालक तिथेच राहतो आणि त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. पण अशा ठिकाणी दर्जा त्या मालकाचा असतो, पाटीचा कमी.

विदर्भातल्या एका शहरात मी रात्री अकराला अ‍ॅपवरचं बुकिंग घेऊन काउंटरवर उभा होतो. दारावर कंपनीची पाटी झगझगीत. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, त्यांच्यासोबत आपलं दोन महिन्यांपूर्वीच बंद झालं." पाटी का काढली नाही, विचारलं. "काढायला माणूस यायचाय." त्या रात्री स्टेशनसमोरच्या लॉजवर झोपलो आणि एक सवय लावून घेतली : बुकिंग झालं की लगेच त्या हॉटेलला फोन. कंपनीच्या कॉल सेंटरला नाही, हॉटेलच्या काउंटरला. नकाशात बहुतेक वेळा नंबर सापडतो. तीन प्रश्न पुरतात : माझं बुकिंग दिसतंय का, लिफ्ट चालू आहे का, आणि सकाळी गरम पाणी किती वाजता येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना कान उघडे ठेवा. "चोवीस तास" असं एका दमात आलं तर गीझर खोलीत आहे. "सहा ते नऊ" म्हणाले तर गच्चीवर सोलर आहे किंवा सगळ्या इमारतीला मिळून एकच व्यवस्था आहे, आणि पहाटेची गाडी असेल तर गार पाण्याने अंघोळ ठरलेली.

हॉटेल कोणत्या प्रकारातलं, हे ओळखायला आणखी एक खूण आहे. अ‍ॅपवर नावात कंपनीबरोबर 'साई पॅलेस', 'रॉयल रेसिडेन्सी' असं काही जोडलेलं असेल तर ते मूळचं नाव. त्या मूळ नावाने शोधलंत की पाटी लागण्याआधीचे अभिप्रायही सापडतात.

पायरी २ : तारे मोजू नका

"थ्री स्टार आहे सर" असं नवी पोरं मोठ्या विश्वासाने सांगतात. कोणी दिले तारे? भारतात हॉटेलांना अधिकृत तारांकन देते ती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती. हॉटेलने स्वतःहून अर्ज करायचा असतो, सक्ती नाही. निदान १० खोल्या लागतात आणि दिलेला दर्जा ५ वर्षांपुरता असतो. या भानगडीत बहुतांश बजेट हॉटेलं पडतच नाहीत. बुकिंग साइटवर दिसणारे तारे बहुधा साइटने किंवा हॉटेलने स्वतःच लावलेले असतात, आणि ग्राहकांनी दिलेलं पाचपैकी ४.१ हे वेगळंच प्रकरण. तीन वेगळ्या गोष्टी, दिसायला सारख्या.

मग साखळीचा दर्जा ठरतो कशावर? प्रत्येक कंपनीची एक जाड वही असते, धंद्यात तिला 'ब्रँड स्टँडर्ड' म्हणतात. गादीची जाडी किती, टॉवेल किती, चेक-इनला किती मिनिटं, नाश्त्याला किती पदार्थ, असलं सगळं त्यात. मग तपासनीस येतात, कधी सांगून, कधी ग्राहक बनून. आयबिसने १९९७ पासून आपल्या हॉटेलांना आयएसओ ९००१ प्रमाणपत्र मिळवायला सुरुवात केली. स्वस्त हॉटेलांच्या धंद्यात ही तेव्हा नवलाई होती. मात्र आयएसओ ९००१ म्हणजे खोली छान आहे असं नव्हे. कामाची पद्धत लिहून ठेवली आहे आणि तसंच काम होतं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या कारखान्यालाही ते प्रमाणपत्र आहे, आणि आमच्या कँटीनची भाजी मी रोज खातो.

ग्राहकाच्या दृष्टीने वहीपेक्षा वचन महत्त्वाचं. आयबिसचं एके काळी गाजलेलं वचन होतं की आमच्या चुकीने झालेली अडचण १५ मिनिटांत सुटली नाही तर पैसे घेणार नाही. ब्रिटनमधल्या प्रीमियर इनने तर नीट झोप लागली नाही तर पैसे परत, अशी हमी देऊन नाव कमावलं. बुकिंग करण्यापूर्वी कंपनीच्या साइटवर असं लिखित वचन आहे का, ते बघा. 'अविस्मरणीय अनुभव' हे वचन नाही. 'चेक-इनला खोली मिळाली नाही तर जवळच तशीच खोली देऊ' हे वचन आहे. भांडायची वेळ आली तर या दुसऱ्या वाक्याच्या जोरावर भांडता येतं.

पायरी ३ : अभिप्राय कसे वाचायचे

आकडा सोडून द्या. 'सर्वांत नवीन आधी' असं लावा आणि शेवटच्या तीन महिन्यांतले वाचा. बजेट हॉटेलात मॅनेजर बदलला की महिन्याभरात सगळं बदलतं, दोन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला काही अर्थ उरत नाही. पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे बाजूला ठेवा. दोन आणि तीन तारेवाले लोक शहाणे असतात, नेमकं काय बिघडलं ते लिहितात. शोधायचे शब्द : गीझर, वास, ढेकूण, आवाज, लग्न. हो, लग्न. खाली मंगल कार्यालय असेल तर मे महिन्यात रात्री बारापर्यंत बँड वाजतो, आणि हे कुठल्याच ब्रँडच्या वहीत लिहिलेलं नसतं.

पायरी ४ : बुकिंग कुठून करायचं

सवलतीच्या साइटवर खोली दोनशे रुपयांनी स्वस्त दिसते. पण पॉइंट हवे असतील तर एक नियम जवळजवळ सगळ्या साखळ्यांत सारखा आहे : कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, अ‍ॅपवरून किंवा फोनवरून केलेल्या बुकिंगलाच पॉइंट. मधल्या साइटवरून आलात तर राहणं मोजत नाहीत, किंवा फक्त नाश्त्या-जेवणाच्या खर्चावर काहीतरी देतात. कारण उघड आहे. मधल्या साइटला द्यावं लागणारं कमिशन वाचलं, त्यातलाच एक तुकडा ते तुम्हाला पॉइंट म्हणून देतात.

आधी दोन्हीकडचे भाव बघा, मग हॉटेलला फोन करून "थेट आलो तर काय दराने द्याल?" असं बिनधास्त विचारा. बरीच वर्षं हॉटेलवाले यावर गप्प बसायचे, कारण मोठ्या साइट त्यांच्याकडून 'आमच्यापेक्षा कमी भाव कुठेच द्यायचा नाही' असं लिहून घ्यायच्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने याच आणि अशा इतर कारणांवरून मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला. आता लहान हॉटेलवाला फोनवर दीडशे-दोनशे कमी करतो असा माझा अनुभव आहे, विशेषतः रविवारी रात्री.

जीएसटी : २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याआधी १२ होता. अजूनही कोणी १२ लावत असेल तर बिल परत करा. या ५ टक्क्यांच्या दरात हॉटेलला स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) मिळत नाही. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. आमच्या अकाउंट्सच्या बाई तो नसेल तर व्हाउचर टेबलावरून सरकवून परत देतात, कारण विचारायची कोणाची टाप नाही.

चेक-इनची वेळ नीट वाचा. जुन्या लॉजवर 'चोवीस तास' पद्धत असते, पहाटे पाचला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत तुमची. साखळ्यांत दुपारी बारा किंवा दोनला चेक-इन आणि सकाळी अकरा-बाराला चेकआउट. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पहाटे उतरणाऱ्याला साखळीचा नियम महागात पडतो. सात तास लॉबीत पेंगायचं किंवा अर्ध्या दिवसाचे पैसे भरायचे. अशा दौऱ्याला मी आजही निमूट लॉज घेतो.

पायरी ५ : काउंटरवर

आधार कार्डाची झेरॉक्स मागतात. आधारच्या साइटवरून पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते, तीच द्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चालत नाही. 'लोकल आयडी चालत नाही' हा प्रकार मात्र नव्यांना माहीतच नसतो. पुण्याचा पत्ता असलेल्या माणसाला पुण्यातली बरीच बजेट हॉटेलं खोलीच देत नाहीत. घरात रंगकाम निघालं, पाहुणे फार झाले, तरी नाही. असा कायदा नाही, हॉटेलचा आपला नियम असतो. बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो, आणि पैसे आधी भरलेले असतील तर परत मिळवताना घाम निघतो. अविवाहित जोडप्यांचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये ओयोने मेरठपासून नियम बदलून तिथल्या हॉटेलांना नकार द्यायची मुभा दिली. तेव्हा जे काय आहे ते आधी फोनवर विचारून घ्या.

आणि इथेच, किल्ली हातात घेण्यापूर्वी, म्हणायचं : "माझा मेंबर नंबर बुकिंगला लागलाय का, बघता का जरा?" चेकआउटला हे सुचून उपयोग नाही.

पायरी ६ : खोलीतली पाच मिनिटं

या लेखातली एकच पायरी पाळणार असाल तर ही पाळा.

बॅग पलंगावर टाकू नका. बॅग बाथरूमच्या कोरड्या फरशीवर किंवा टेबलावर. आता मोबाइलचा टॉर्च लावा आणि पलंगाच्या उशाकडची चादर कोपऱ्यातून ओढा. त्याखाली बहुधा पातळ प्रोटेक्टर असतो, तोही उचला. गादीची शिवण दिसेल, जाड दोऱ्याची, गोल फिरलेली. त्या शिवणीच्या घडीत बोट फिरवत दोन्ही कोपरे बघा. मिरीची पूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ढेकूण. लाकडी हेडबोर्ड आणि भिंतीच्या मधली फटही बघा, त्यांचा खरा वाडा तिथे असतो. ठिपके दिसले की बोलणं एकच : खोली बदला, आणि बाजूची किंवा नेमकी वरची-खालची नको, लांबची द्या. लागून असलेल्या खोल्यांत ते भिंतीतून आधीच पोचलेले असू शकतात. फवारा मारून देतो म्हणतील, ऐकू नका.

मग उशी. अभ्रा काढून पिवळा डाग बघायच्या फंदात मी पडत नाही, झोप उडते. नाक लावतो. साबणाचा वास आला किंवा काहीच वास आला नाही तर ठीक. तेलाचा आला तर नवा अभ्रा मागायचा. टॉवेल राखाडी असेल पण खरखरीत कोरडा असेल तर चालवून घ्या, धोबीघाटातल्या पाण्याचा तो दोष. मऊ आणि ओलसर असेल तर तो आधीच्या गिऱ्हाइकाचा.

गीझर लावा आणि घड्याळ बघा. लाल दिवा लागला म्हणजे पाणी तापतंय असं नाही, दहा मिनिटांनी नळ उघडून हात धरा. फ्लश एकदा ओढा. बाथरूमच्या जाळीतून वास येत असेल तर बादलीभर पाणी जाळीत ओता. पुष्कळदा खोली बरेच दिवस रिकामी राहिल्याने खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं, पाणी सुकलेलं असतं आणि गटाराची हवा सरळ वर येते. दोन मिनिटांत वास जातो. तो 'कुबट वास येतोय' वाला पोरगा याच उपायाने त्या रात्री सुखाने झोपला होता. वास एसीचा असेल तर मात्र उपाय तुमच्या हातात नाही, फिल्टर धुवायला माणूस बोलवा.

चहाच्या किटलीचं झाकण उघडून आत बघा. लोक त्यात अंडी उकडतात, मॅगी करतात. मी त्यात पाणी उकळून एकदा ओतून देतो, मग चहा.

दाराला आतून कडी आहे का, साखळी आहे का. आग लागली तर बाहेर जायचा नकाशा दारामागे लावलेला असतो. तो वाचायला कोणी जात नाही, पण एकदा जिन्यापर्यंत चालून या. जिन्यात गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या दिसल्या तर काउंटरला सांगा, आणि हलवणार नसतील तर हॉटेल बदला. यावर मी तडजोड करत नाही. आग कोणाची पाटी आहे ते बघून लागत नाही.

पायरी ७ : तक्रार

फोटो आधी, बोलणं नंतर. फोटोवर वेळ उमटते. काउंटरला आवाज न चढवता सांगा आणि नेमकं मागा : खोली बदल, चादर बदल, नाहीतर बुकिंग रद्द. 'डिस्काउंट द्या' हे शेवटी. रात्रीच्या माणसाला दर कमी करायचा अधिकार नसतो, खोली बदलायचा असतो. अर्ध्या तासात काही झालं नाही तर कंपनीच्या अ‍ॅपवर तेच फोटो टाका. अ‍ॅपवरची तक्रार नोंदली जाते, आणि हॉटेलमालकाच्या हिशेबात ती पुढे येते, म्हणून अ‍ॅप उघडलेलं बघताच काउंटर हलतो. त्यानेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

दोन-तीन गोष्टींत भांडण्याआधी माहिती हवी. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त लावली म्हणून पोरं चिडतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटला तशी मुभा दिली आहे, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, सेवाही देतात. तेव्हा बाटली बाहेरून आणा. जेवणाच्या बिलात आपोआप जोडलेलं सेवा शुल्क मात्र काढायला सांगता येतं, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तसं सांगणारी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. आणि गाडी लावायला हॉटेलच्या माणसाने किल्ली घेतली असेल, तर 'पार्किंग स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावून त्यांना निष्काळजीपणातून सुटता येत नाही. हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१९ चा निकाल.

पायरी ८ : आता पॉइंट

हा विषय लोक पहिल्यांदा विचारतात, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे नाणी. इंडियन हॉटेल्सची हॉटेलं, जिंजरसुद्धा, टाटांच्या न्यूपास या सभासद योजनेला जोडलेली आहेत. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, आणि तो टाटांच्या इतर दुकानांतही चालतो. किराणा-औषधांत खपत असल्याने हा प्रकार मला आवडतो, हॉटेलातच खर्च करायची जबरदस्ती नाही.

दुसरा, ठरावीक ढीग झाल्यावरच वापरता येणारे पॉइंट. अ‍ॅकॉरमध्ये २,००० पॉइंट म्हणजे ४० युरोंची सूट. १,९०० झालेत? मग वाट बघा. आणि वर्षभर कुठेच राहिला नाहीत तर जमलेले जातात. शिवाय एकाच कंपनीच्या महागड्या हॉटेलात शंभर रुपयांवर जितके पॉइंट पडतात, तितके स्वस्त ब्रँडमध्ये पडतीलच असं नाही. तक्त्यात आपल्या ब्रँडची ओळ शोधून वाचा.

तिसरा, रात्री मोजण्याचा. जपानमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना तोयोको इन ठाऊक असेल. क्लब कार्डावर दहा रात्री झाल्या की एक फुकट. अकरापैकी दहाचे पैसे, म्हणजे साधारण ९ टक्के. लहान मुलालाही कळेल असा हिशेब. चौथा प्रकार पायऱ्यांचा, जसं ओयोचं विझार्ड, त्यात ब्लू, सिल्व्हर, गोल्ड असं चढत जायचं आणि ठरावीक हॉटेलांत सूट घ्यायची.

आता स्वतःचा हिशेब कागदावर मांडा. समजा वर्षाला ४० रात्री, रात्रीला २,५००. झाले एक लाख. योजना शंभराला पाच देत असेल तर ५,००० रुपये, म्हणजे दोन रात्री. वाईट नाही. पण त्यासाठी चाळीसही रात्री एकाच साखळीत काढायला हव्यात. तिचं हॉटेल कारखान्यापासून बारा किलोमीटरवर असेल तर रिक्षाचे रोजचे जाऊन-येऊन तीनशे-चारशे गेले. पॉइंटसाठी लांबचं हॉटेल घेणारा माणूस मी स्वतः होतो, दोन वर्षं. हिशेब बायकोने मांडून दाखवला.

मोठा घोळ कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कचा. एका साखळीत मी सलग अठरा रात्री राहिलो, खात्यात शून्य. बुकिंग आमच्या एजंटने खास कॉर्पोरेट दराने केलेलं, आणि त्या दराला पॉइंट नाहीत. सभासद होण्याआधी डेस्कला विचारा की कोणत्या दराने बुकिंग होतं. आणि एचआरलाही विचारा, कारण काही कंपन्यांत कंपनीच्या पैशांवर मिळालेले पॉइंट कर्मचाऱ्याने घ्यायचे की नाही, याचे नियम असतात. बुकिंग ज्याच्या नावाने आणि राहिला जो, त्यालाच पॉइंट. दोन मित्रांनी एक खोली घेतली तर दोघांपैकी एकालाच मिळतात. पॉइंट पडले नाहीत तर मागून मागता येतात, पण ठरावीक मुदतीत आणि बिल दाखवून. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी स्वतःला मेल करून ठेवा.

फुकटच्या सभासदत्वाला नाही म्हणू नका. पैसे भरून घ्यायच्या सभासदत्वाला मात्र, त्या साखळीच्या तीन वेगळ्या गावांतल्या हॉटेलांत झोपल्याशिवाय हो म्हणू नका. तीन गावं, कारण एका हॉटेलवरून साखळी कळत नाही. बजेट हॉटेलात वरच्या पायरीच्या 'सुविधां'पैकी खरोखर कामाला येतात त्या दोन : लवकर चेक-इन आणि उशिरा चेकआउट. स्वागताचं पेय म्हणजे पातळ लिंबू सरबत.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांसाठी थोडं. रस्त्याकडेची मोटेलं हीच तिथली बजेट साखळी. मोटेल सिक्स १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सहा डॉलरला खोली देत सुरू झालं, सुपर एट १९७४ मध्ये साउथ डकोटात ८.८८ डॉलरला, नावंच भावावरून पडली. काउंटरवर गुजराती ऐकू आलं तर दचकू नका, निम्मा धंदा त्यांनी उभा केलाय म्हटलं तरी चालेल. आणि मोटेल सिक्स डिसेंबर २०२४ पासून आपल्या ओयोचं आहे. सुपर एट आणि डेज इन या साखळ्या विंडहॅम या हॉटेल कंपनीच्या पॉइंट योजनेत येतात. तिथे डॉलरला १० पॉइंट किंवा एका मुक्कामाला किमान १,०००, यात जे जास्त असेल ते. फुकट रात्र ७,५०० पासून. म्हणजे साठ डॉलरच्या खोलीला सहाशे न मिळता हजार मिळतात. पण दोन रात्री सलग एकाच ठिकाणी काढल्या तर तो एकच मुक्काम. दोन गावांत एकेक रात्र काढली तर दोन हजार. लेकाच्या गाडीने यलोस्टोनकडे निघाला असाल तर लेकाऐवजी तुमच्या नावाने खातं उघडा, त्याच्याकडे ढीगभर आहेत.

निघताना

बिल हातात आल्यावर नाव, जीएसटी क्रमांक, कराचा टक्का आणि मेंबर नंबर, या चार गोष्टी काउंटरवरच वाचा. मग वर जाऊन, किंवा वर न जाता नुसतं आठवून, पलंगामागच्या प्लगकडे बघा. चार्जर तिथेच असतो. विसरलात तर पुढच्या गावी घाबरू नका. कोणत्याही बजेट हॉटेलच्या काउंटरखाली एक खण असतो, त्यात आधीच्या गिऱ्हाइकांचे विसरलेले चार्जर गुंडाळून ठेवलेले असतात. रात्रीच्या माणसाला "भाऊ, एखादा चार्जर आहे का?" असं विचारलं की तो पूर्ण खणच बाहेर काढून समोर ठेवतो.